कार्लाइलचा १९१२ चा हंगाम: एकट्या थॉर्पचा नव्हे

कोल्हापूरच्या एका शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे: "आमच्या नववीच्या मुलांनी जिम थॉर्पबद्दल वाचलं. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल नावाच्या शाळेनं १९१२ मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाला २७–६ असं हरवलं, हे खरं का? एका शाळेनं मोठमोठ्या कॉलेजांना कसं हरवलं? सगळं थॉर्पमुळेच झालं का? आणि ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाच नाही त्या मुलांना मी हे कसं समजावू?"

सर, मी मूळचा साताऱ्याचा. कबड्डी खेळत वाढलो आणि गेली एकवीस वर्षं पेनसिल्व्हेनियात हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. कार्लाइल माझ्या घरापासून गाडीनं दीड तासावर आहे. त्या हंगामाबद्दल मिळेल ते वाचत आलो, आणि नियमपुस्तक उघडून एकेक सामना पुन्हा मनात खेळून पाहिला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. होय, खरं आहे. ९ नोव्हेंबर १९१२, वेस्ट पॉइंट, कार्लाइल २७, आर्मी ६. (लष्करी अकादमी वेस्ट पॉइंटला आहे, आणि तिच्या संघाला 'आर्मी' म्हणतात.) दुसऱ्या प्रश्नाला मात्र "थॉर्प होता म्हणून" हे उत्तर पुरत नाही. त्या वर्षी नियम बदलले. बदललेल्या नियमांत नेमकं काय दडलंय हे ओळखणारा प्रशिक्षक कार्लाइलकडे होता, आणि ते मैदानावर उतरवू शकणारी अकरा चपळ मुलं होती. थॉर्प त्या अकरांतला सर्वांत मोठा खेळाडू. पण दहा जण उरतातच, आणि त्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं.

आधी ही शाळा काय होती ते मुलांना सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अर्धवट कळेल. कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं जुन्या बराकींत सुरू केलं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची (तेव्हा त्यांना 'इंडियन' म्हणत) मुलं शेकडो मैलांवरून, आईबापांपासून तोडून इथं आणली जात. आल्याबरोबर केस कापायचे, कपडे बदलायचे, नाव बदलायचं. घरची भाषा तोंडातून आली की शिक्षा. मुलाच्या आतला इंडियन मारून टाका म्हणजे माणूस वाचेल, हे प्रॅट यांचं उघड धोरण होतं. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, धुलाई. सुट्टीत गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला पाठवायचे. १९१८ मध्ये शाळा बंद झाली तोवर हजारो मुलं तिथून गेली, आणि अनेक परत घरी गेलीच नाहीत. क्षयानं आणि इतर साथींनी तिथंच वारली.

ती दफनभूमी मी पाहिली आहे. आज त्या जागेत लष्कराचं वॉर कॉलेज आहे. पांढरे, गुडघ्याएवढे दगड सरळ रांगांत उभे आहेत, सैनिकांच्या स्मशानात असतात तसे. दगडावर मुलाचं नाव, खाली जमातीचं नाव. काहींवर फक्त 'अज्ञात' एवढंच. मी दोन रांगा वाचल्या आणि पुढे वाचवेना. २०१७ पासून त्यातले काही अवशेष त्या त्या जमातींच्या ताब्यात परत दिले जात आहेत. उशिरा का होईना, मुलं घरी जाताहेत.

तेव्हा 'कॉलेज' हा शब्द कार्लाइलला तसा लागू पडत नाही. तिथं पदवी मिळत नव्हती. पण शाळेत येणारी बरीच मुलं विशी ओलांडलेली असत, कारण शिक्षणाची सुरुवातच उशिरा झालेली असे. १८९० च्या दशकात मुलांनीच हट्ट धरून फुटबॉल सुरू केला. एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटनी खेळ बंद केला होता. मुलांनी पुन्हा जाऊन मागणी केली तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या असं सांगतात. समोरच्यानं काही केलं तरी ठोसा मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत मोठ्या संघांना हरवून दाखवायचं. हार्वर्ड, येल, पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) अशा मोठ्या विद्यापीठांनाही कार्लाइलशी खेळणं सोयीचं होतं, कारण हा संघ पाहायला तुफान गर्दी होई आणि तिकिटाचा गल्ला दोघांत वाटला जाई. पुस्तकातल्या 'इंडियन' माणसांना प्रत्यक्ष पाहायला लोक येत. खेळ संपेपर्यंत त्यांनी दुसरंच काहीतरी पाहिलेलं असे.

आता नियम. सर, हा भाग मुलांना फळ्यावर काढून दाखवा, कारण खरी किल्ली इथं आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला ठरावीक डावांत ठरावीक अंतर पुढे जावं लागतं. त्या डावाला 'डाऊन' म्हणतात. कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करा किंवा मरा' होते, तसंच काहीसं. अंतर कापलं नाही तर चेंडू समोरच्याकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिशेब होता तीन डाऊनमध्ये पाच यार्ड. पाच यार्ड म्हणजे काय, दोन माणसं आडवी झाली की झालं! त्यामुळे खेळ असा होई की दहा जणांनी एकमेकांच्या कमरेला, पट्ट्याला धरून एक गठ्ठा करायचा, चेंडूवाल्याला मागून ढकलायचं, पुढून ओढायचं आणि समोरच्या गठ्ठ्यावर आदळायचं. ज्याचं वजन जास्त तो जिंकला. हेल्मेट सक्तीचं नव्हतं. कॉलेज फुटबॉलमध्ये ती सक्ती १९३९ मध्ये आली. १९०५ च्या हंगामात अठराच्या आसपास मुलं या खेळात मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं.

१९०६ पासून चेंडू हातानं पुढच्या दिशेला फेकायला, म्हणजे 'पास'ला, परवानगी मिळाली आणि पाचाऐवजी दहा यार्ड कापायचे ठरले. पण पासवर इतके जाच होते की बहुतेक प्रशिक्षकांनी त्याला हातच लावला नाही. पास कुणी झेलला नाही तर पंधरा यार्ड दंड, आणि कुणाचा हातही लागला नाही तर चेंडूच गेला. तीन डाऊनमध्ये दहा यार्ड हे कठीण गणित होतं, म्हणून संघ सरळ किक मारून चेंडू लांब पाठवत आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहत. १९१० मध्ये ढकलणं-ओढणं बंद झालं, हातात हात गुंफून चालणं बंद झालं, आघाडीच्या फळीवर सात जण हवेतच असं ठरलं. गठ्ठा फुटला. पण गुण होणं अवघडच राहिलं.

मग १९१२. एका वर्षात हे सगळं झालं: तीनाऐवजी चार डाऊन. मैदान ११० यार्डांवरून १०० वर. दोन्ही टोकांना गोलरेषेमागे दहा यार्डांचा एंड झोन, आणि तिथं झेललेला पास टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे पोचवून मिळणारे गुण) धरला जाऊ लागला. आधी पास गोलरेषेपलीकडे गेला की फुकट जाई. पास वीस यार्डांपेक्षा लांब फेकायचा नाही ही अटही गेली. चेंडू थोडा सडपातळ केला, हातात मावेल असा. टचडाऊनला पाचाऐवजी सहा गुण.

मी पंच म्हणून एवढंच सांगतो की चौथा डाऊन हा यातला सर्वांत मोठा बदल. मुलांना मैदानावर नेऊन करून दाखवा. दहा पावलांवर दोरी टाका. तीन प्रयत्नांत पोचायचं तर प्रत्येक वेळी सव्वातीन पावलांच्या वर हवीत, एकही प्रयत्न वाया घालवता येत नाही, म्हणून मुलं सरळ घुसतात. मग चार प्रयत्न द्या. प्रयत्नाला अडीच पावलं पुरतात. लगेच एखादं पोरगं बाजूनं वळसा घालून बघतं, कुणी हुलकावणी देतं, कारण एक प्रयत्न फसला तरी चालतो. १९१२ मध्ये नेमकं तेच घडलं. चूक परवडू लागली, तेव्हा युक्तीला वाव मिळाला. कार्लाइलची मुलं हलकी होती, वेगवान होती, आणि बरीच वर्षं युक्तीवरच जगत आली होती. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे लपवून टचडाऊन केला होता. १९०७ मध्ये पास नवा असताना पेन विद्यापीठाला २६–६ असं चकित केलं होतं. १९११ मध्ये हार्वर्डला १८–१५ हरवलं, त्यात थॉर्पचे चार फील्ड गोल (किक मारून चेंडू गोलखांबांमधून पाठवणं) होते, तेही पायाला पट्ट्या गुंडाळून. आता नियमच त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला.

हे ओळखणारा माणूस ग्लेन वॉर्नर. लोक त्याला 'पॉप' म्हणत. तो कॉर्नेलमध्ये कायदा शिकला होता, आणि मला वाटतं, नियमपुस्तक वकिलाच्या डोळ्यांनी वाचणारा तो पहिला मोठा प्रशिक्षक. काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, तिकडे त्याचं लक्ष. कार्लाइलमध्ये त्यानं जी रचना घडवली तिला 'सिंगल विंग' म्हणतात. ती कशी चालते ते जरा जवळून पाहू, कारण फुटबॉल शिकवणाऱ्याला त्यात गोडी वाटेल.

सात जण फळीवर ओणवे. सेंटर चेंडू दोन पायांमधून मागे फेकतो, पण लगतच्या खेळाडूच्या हातात देत नाही. चार-पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या हाफबॅककडे थेट पाठवतो. तो हाफबॅक धावू शकतो, फेकू शकतो, किक मारू शकतो. समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही काय येणार आहे. दुसरा हाफबॅक फळीच्या टोकाला, जरा बाहेर उभा असतो, पक्ष्याचा पंख असावा तसा, म्हणून 'विंग'. चेंडू निघाला की हा पंखवाला आणि त्याच्या शेजारचा फळीवरचा गडी मिळून समोरच्या टॅकलला, म्हणजे फळीच्या टोकाजवळच्या गड्याला, दोन बाजूंनी धरतात. कबड्डीत कोपऱ्यातला आणि त्याचा जोडीदार मिळून साखळी घालतात ना, तसंच, फक्त इथं ती चेंडूवाल्याला वाट मोकळी करून देण्यासाठी. तेवढ्यात आतला एक गार्ड (सेंटरच्या शेजारचा गडी) फळी सोडून बाजूला पळतो आणि चेंडूवाल्याच्या पुढे पुढे रस्ता झाडत जातो. सगळा जोर एका बिंदूवर, आणि तो बिंदू कुठला हे आपण ठरवायचं. पंचाच्या जागेवरून ही हालचाल बघायला फार सुंदर दिसते. आजही एखादी लहान शाळा सिंगल विंग खेळते. एकदा माझ्याच सामन्यात तशा एका शाळेनं प्रत्येक गड्यामागे दहा-पंधरा किलोंनी जड संघाला अक्षरशः गरगरवलं होतं. सामना संपल्यावर मी त्या प्रशिक्षकाचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

पासबद्दल एक गैरसमज मात्र काढून टाका. कार्लाइलनं १९१२ मध्ये उठसूट पास फेकले असं नाही. तो धावणारा संघ होता. पण पास लांबवर येऊ शकतो, एंड झोनमध्येही येऊ शकतो, या भीतीनं समोरच्या संघाला आपली माणसं मागे ठेवावी लागत. पुढची फळी विरळ झाली की धावायला जागा. न फेकलेल्या पासचा हा फायदा गुणतक्त्यावर दिसत नाही.

आता हंगाम. २१ सप्टेंबरला ऑलब्राइटला ५०–७, चार दिवसांनी लेबनन व्हॅलीला ४५–०, तीन दिवसांनी गावातल्याच डिकिन्सनला ३४–०, २ ऑक्टोबरला व्हिलानोव्हाला ६५–०, आणि ५ तारखेला वॉशिंग्टन अँड जेफरसनशी ०–० बरोबरी. त्या दिवशी थॉर्पच्या किक लागल्या नाहीत. पंधरा दिवसांत पाच सामने! आमच्याकडे आज हायस्कूलची मुलं आठवड्याला एकच खेळतात आणि तरी सोमवारी लंगडत वर्गात येतात. पुढे सिरॅक्यूजला ३३–०. आदल्या वर्षी एकमेव हार याच संघानं दिली होती, ११–१२ अशी, तिची ही परतफेड. पिट्सबर्गला ४५–८. २६ ऑक्टोबरला वॉशिंग्टन शहरात जॉर्जटाऊनला ३४–२०, आणि तिथून आगगाडीनं थेट कॅनडा. दोनच दिवसांनी टोरांटोत ४९–१. तो एक गुण पाहून गोंधळू नका. तिकडच्या रग्बी-फुटबॉलमध्ये एकेरी गुणही मिळतो. २ नोव्हेंबरला लीहायला ३४–१४.

पहिले काही सामने सोडले तर सगळा हंगाम परक्या मैदानांवर. याचं कारण पैसा. कार्लाइलच्या मैदानावर किती लोक मावणार? मोठ्या शहरात गेलं की गल्ला मोठा. ही मुलं घरच्या प्रेक्षकांशिवाय खेळली. मुळात त्यांचं घरच हजार मैलांवर होतं.

आणि मग वेस्ट पॉइंट. हडसन नदीच्या काठचं उंच पठार, जिथं अमेरिकेच्या लष्कराचे अधिकारी घडतात. १८९० मध्ये वूंडेड नी इथं लष्करानं लकोटा लोकांची, त्यात बायकामुलांचीही, कत्तल केली होती. तिला जेमतेम बावीस वर्षं झाली होती. कार्लाइलच्या संघातल्या कित्येकांच्या वडील-आजोबांनी अशाच सैनिकांशी झुंज दिली होती किंवा त्यांच्यापुढून पळ काढला होता. वॉर्नरनं सामन्याआधी मुलांना याचीच आठवण करून दिली, असं सांगितलं जातं. मला नाही वाटत ती करून द्यावी लागली असेल.

आर्मीचा संघ अंगापिंडानं मोठा. कर्णधार लेलँड डेव्होर हा टॅकल नुसता डोंगर होता. मागच्या फळीत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण कॅडेट होता, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती आणि १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. आर्मीनं सिंगल विंगचा अभ्यास करून ठेवला असणार, तो सगळेच करत. वॉर्नरनं त्या दिवशी दुसरा पंखही लावला. दोन्ही हाफबॅक दोन टोकांना, फळीलगत. याला पुढे 'डबल विंग' नाव पडलं. आता जोर डावीकडे येणार की उजवीकडे, हेही आर्मीला कळेना. बचाव करणाऱ्याला एक पाऊल उशीर झाला की कार्लाइलच्या वेगासमोर तेवढं पुरे होतं.

पहिला टचडाऊन आर्मीचा. त्यानंतर किक मारून मिळणारा एक जादा गुण हुकला, ६–०. मग कार्लाइलच्या जो बर्गीनं फळी फोडून चेंडू पलीकडे नेला आणि वरचा एक गुण मिळवून मध्यंतराला ७–६. इथवर सामना कुणाचाही होता. उत्तरार्धात डेव्होरचा तोल सुटला. समोर कार्लाइलचा टॅकल जो गायन उभा होता, मिनेसोटाच्या व्हाइट अर्थ भागातला ओजिब्वे जमातीचा मुलगा, वजनानं त्याच्यापेक्षा कितीतरी हलका. आधीचा सबंध वेळ गायन त्याला पुरून उरला होता. डेव्होरनं त्याला मारलं आणि पंचांनी डेव्होरला मैदानाबाहेर काढलं. त्या क्षणी तिथं उभ्या असलेल्या पंचाचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. लष्कराच्या मैदानावर, लष्कराच्या प्रेक्षकांसमोर, लष्कराच्या कर्णधाराला बाहेर काढायचं, आणि तेही एका इंडियन मुलाला मारल्याबद्दल. १९१२ मध्ये! शिट्टी हातात असलेल्या माणसाला हे किती जड जातं ते मला माहीत आहे. त्यानं ते केलं. उलट बाजूला, प्रॅटच्या वेळची 'ठोसा मारायचा नाही' ही अट गायननं पाळली.

त्यानंतर आर्मीचा बांध फुटला. अ‍ॅलेक्स आर्कासा या दुसऱ्या हाफबॅकनं एकामागून एक तीन टचडाऊन केले. २७–६.

सर, इथं थांबून हिशेब करा. चार टचडाऊन झाले: एक बर्गीचा, तीन आर्कासाचे. ज्या सामन्यामुळे थॉर्पचं नाव अजून घेतलं जातं, त्यात त्याचा एकही टचडाऊन नाही. आणि तरी त्या दिवशी मैदानावर सर्वांत भारी तोच होता, ही गोष्टही तितकीच खरी. तो चेंडू घेऊन सुटला की आर्मीचे तीन-तीन गडी त्याच्यावर तुटून पडत. पुढच्या वेळी तो नुसता हलला तरी ते तिकडे झुकत. आर्कासाला मोकळी वाट मिळाली ती त्यामुळे. कुणाला चेंडू द्यायचा हे ठरवत होता क्वार्टरबॅक गस वेल्च. समोरच्याची नजर थॉर्पवर आहे हे पाहून चेंडू दुसरीकडे वळवायची अक्कल त्याच्याकडे होती. मला विचाराल तर त्या सामन्याचा मेंदू वेल्च.

सबंध हंगामातही हेच दिसतं. चौदा सामन्यांत कार्लाइलचे गुण ५०४. थॉर्पच्या नावावर बहुतेक ठिकाणी २५ टचडाऊन आणि १९८ गुण दिलेले दिसतात. काही याद्यांत थोडे जास्त आहेत, तरी निम्म्याच्या आतच. एका माणसाचे दोनशे गुण ही प्रचंड गोष्ट आहे. पण उरलेले तीनशे कुणीतरी केलेच ना!

आर्मीनंतर आठवड्यानं फिलाडेल्फियात पेनकडून ३४–२६ अशी हार झाली. या हारीची कारणं लोक थॉर्पच्या एखाद्या चुकीत शोधतात. मी आकड्यांकडे बघतो. पहिल्या सहा सामन्यांत मिळून कार्लाइलवर फक्त ७ गुण झाले होते. पेनविरुद्ध ३४ आणि पुढच्या शनिवारी स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण शाळेविरुद्ध २४. सबंध हंगामात दिलेल्या ११४ पैकी ५८ गुण या दोन सामन्यांत गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त. आक्रमण चालूच होतं, पकड सैल झाली होती. तेव्हा तेच अकरा जण आक्रमण आणि बचाव दोन्ही करत, बाहेर गेलेला गडी त्याच क्वार्टरमध्ये परत येऊ शकत नसे, आणि ही मुलं कित्येक आठवडे आगगाडीनं गावोगाव फिरत होती. दमलेला खेळाडू धावू शकतो, कारण धावण्यात उत्साह असतो. पकड करायला जो जीव लागतो तो आधी संपतो. कबड्डीत सामना लांबला की आपण हेच पाहतो. आर्मीविरुद्ध त्यांनी जे होतं नव्हतं ते ओतलं, आणि त्याची किंमत पुढच्या शनिवारी मोजली, असं माझं मत.

स्प्रिंगफील्डला ते ३०–२४ जिंकले, आणि तिथले तीसच्या तीस गुण थॉर्पचे. संघ थकला तेव्हा एकट्यानं ओढून नेलं, हे श्रेय त्याला मनापासून द्यायला हवं. मग २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, प्रॉव्हिडन्समध्ये ब्राऊनला ३२–०. थॉर्पचा कार्लाइलसाठीचा तो शेवटचा सामना. बारा जिंकले, एक हरले, एक बरोबरीत.

त्याच उन्हाळ्यात थॉर्पनं स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदकं जिंकली होती. जानेवारी १९१३ मध्ये वर्तमानपत्रात आलं की त्यानं आधी नॉर्थ कॅरोलिनात थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. पदकं काढून घेतली गेली. कॉलेजची कित्येक मुलं उन्हाळ्यात खोट्या नावानं हेच करत. हा खऱ्या नावानं खेळला. १९८३ मध्ये घरच्यांना पदकं मिळाली, पण सहविजेता म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव परत लागलं ते २०२२ मध्ये. तो १९५३ मध्येच गेला होता.

मुलं विचारतील की गल्ल्याचा एवढा पैसा गेला कुठे. विचारलं तर टाळू नका. १९१४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं शाळेची चौकशी केली. ती सुरू होण्यामागे विद्यार्थ्यांचा अर्ज होता. दोनशेहून अधिक सह्या होत्या आणि तो पुढे नेण्यात गस वेल्च होता, तोच आर्मीविरुद्धचा क्वार्टरबॅक. फुटबॉलचा निधी कसाही वापरला जात होता हे बाहेर आलं. वॉर्नरच्या शिवीगाळीबद्दल वेल्चनं साक्ष दिली. प्रशिक्षक म्हणून तो चांगला, पण माणूस म्हणून त्याला तत्त्व नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मी वर वॉर्नरच्या रचनेचं इतकं कौतुक केलं, ते मागे घेत नाही; पण त्याच्या हाताखाली खेळलेल्या मुलाचं हे म्हणणंही मुलांच्या कानावर जायला हवं. वॉर्नर पुढच्या वर्षी पिट्सबर्गला गेला. कार्लाइलचा फुटबॉल त्यानंतर सावरला नाही.

तो संघ त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम होता का, असं कुणी विचारेलच. हार्वर्ड त्या वर्षी नऊपैकी नऊ जिंकून अपराजित राहिलं आणि बहुतेक जण मान त्यांनाच देतात. हार्वर्डचे नऊ सामने होते, कार्लाइलचे चौदा, आणि १९१२ मध्ये दोघांची गाठ पडली नाही. ९ नोव्हेंबरच्या दुपारी कार्लाइलला हरवेल असा संघ देशात होता असं मला वाटत नाही. १६ तारखेला होता, आणि तो पेन होता.

मुलांना नावं द्यायची असतील तर पाच द्या: थॉर्प, वेल्च, आर्कासा, गायन, बर्गी. गायन पुढे जॉर्जिया टेककडून १९१७ च्या अपराजित संघात खेळला. वेल्च वॉशिंग्टन स्टेटचा प्रशिक्षक झाला. थॉर्प १९२० मध्ये, आज जिला एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) म्हणतात त्या संघटनेचा पहिला अध्यक्ष. १९२२ मध्ये ओहायोतल्या लारू नावाच्या खेड्यात सगळ्या मूळ रहिवासी खेळाडूंचा एक व्यावसायिक संघ उभा राहिला, तेव्हा थॉर्प आणि गायन पुन्हा एकाच बाजूला उभे होते. आणि कार्लाइलचं ते मैदान अजून आहे. त्याला आजही 'इंडियन फील्ड' म्हणतात. वॉर कॉलेजमध्ये शिकायला येणारे लष्करी अधिकारी सकाळी त्याच्याभोवती धावतात.